बोराटीची फांदी

डुडुझिले मेली हे झिबुसे झोंडीला कळलं ते एका तरुण पोरीच्या आवाजात.

नगरभवनात, गोऱ्यांचं राज्य गेल्यावर नेमलेल्या सत्य आयोगाची सुनावणी चालू होती. सगळ्यांच्या कानांना यंत्रं लावली होती. समोरच्या टेबलाशी जुन्या राजवटीतला गोरा पोलीस कोबस स्ट्रेडम आफ्रिकान्समध्ये बोलत होता आणि काचेच्या खोलीत बसलेली दुभाषी पोरगी ते लगोलग झुलूत सांगत होती. दुभाष्यांना नियम असा होता की बोलणारा ‘मी’ म्हणाला तर त्यांनीही ‘मी’च म्हणायचं. त्यामुळं शाळेत कविता म्हणावी तसल्या गोड आवाजात ती पोरगी झिबुसेच्या कानात म्हणाली, “मी तिला नदीवर नेलं. पुलाखाली. ती पळायला लागली. मी गोळी झाडली. मग आम्ही तिला पाण्यात सोडलं. पाणी चढलेलं होतं.”

झिबुसेनं यंत्र काढून हातात धरलं. मग स्ट्रेडमचा खरा आवाज ऐकू आला, जाड आणि थकलेला. पण तो काय म्हणतोय ते समजेना. झिबुसे गवंडी होता, आफ्रिकान्स त्याला कामापुरती यायची. वीट आण, माल कालव, उद्या लवकर ये. गोळी झाडली याचं आफ्रिकान्स त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं यंत्र पुन्हा कानाला लावलं.

“ती काही बोलली का?” आयोगाच्या वकिलीणबाईंनी विचारलं.

“नाही,” पोरगी म्हणाली. “ती काहीच बोलली नाही.”

शेजारी बसलेल्या नोक्वांडानं बापाचा हात घट्ट धरला. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आता एकवीस. मधली दहा वर्षं कुणी विचारलं तर झिबुसे म्हणायचा, “अजून आली नाही.” ‘मेली’ असं तो कधी म्हणाला नव्हता. पण मनातून त्याला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. त्या दिवशी तो कामावरून परतला तेव्हा पोरगी उंबऱ्यावर बसली होती आणि घरभर धूर कोंडला होता. स्टोव्हवर घेवडा जळून कोळसा झाला होता. डुडु भांडं स्टोव्हवर ठेवून कोपऱ्यावरच्या नळावरसुद्धा जायची नाही. झिबुसेनं ते पातेलं घासून पाहिलं, घासता घासता रडला, आणि शेवटी घरामागं खड्डा करून पुरून टाकलं. आयोगाची माणसं जबाब लिहून घ्यायला आली तेव्हा त्यांनी तारीख विचारली, तिला नेलेल्या गाडीचा रंग विचारला. पातेल्याचं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. बायकोचा घेवडा करपला हे काय सरकारला सांगायचं?

सुनावणीहून घरी आल्यावर नोक्वांडानं चहा केला. झिबुसेनं कप हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला.

“तो खोटं बोलतोय,” तो म्हणाला.

“बाबा, त्यानं कबूल केलंय. सगळ्यांसमोर.”

“काय कबूल केलंय? ती पळाली म्हणे. तुझी आई कधी पळाल्याचं आठवतं का तुला? तिचा गुडघा असा होता की बस सुटली तरी ती पळायची नाही, उभी राहून ड्रायव्हरला शिव्या घालायची.”

नोक्वांडाला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. “हे मात्र खरं.”

“आणि काही बोलली नाही म्हणे. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना गप्प बसायची नाही ती बाई. भाडं भरू नका, हा संप सोडू नका, असं गल्लीतल्या बायकांना सांगत दिवसभर फिरायची, म्हणून तर पोलिसांनी उचललं तिला. ती मरताना गप्प? मला पटत नाही.”

“मग त्यानं खोटं कशाला बोलावं? सगळं खरं सांगितलं तर माफी मिळते. काही लपवलं तर मिळत नाही. खोटं बोलून त्याचंच नुकसान.”

“तेच तर कळत नाही मला,” झिबुसे म्हणाला.

ते जाणून घेतल्याशिवाय तो राहिलाच नसता असं नाही. तो साधा माणूस होता, पुष्कळ गोष्टी न कळता त्यानं सोडून दिल्या होत्या. पण नोक्वांडाचं लग्न ठरलं होतं. मुलाकडचे भले होते, चार महिने थांबले होते. घरातली पोर सासरी निघण्याआधी घरच्या मेलेल्यांना तसं सांगावं लागतं. बकरं कापून, नाव घेऊन, घराच्या आतल्या कोपऱ्यात उभं राहून सांगायचं, की ही निघाली, हिच्या पाठीशी राहा. आईच घरी पोहोचली नसेल तर सांगायचं कुणाला? जो माणूस घराबाहेर कुठं मरून पडतो त्याचा जीव तिथंच घुटमळत राहतो. त्याला बोराटीची फांदी घेऊन आणायला जावं लागतं. आणि जिथं पडला तिथंच जावं लागतं. दुसरीकडून हाक मारली तर तो येत नाही. नाहीतर भलताच कुणी येतो.

डुडु खरंच कुठं पडली, एवढंच झिबुसेला हवं होतं.

पुढच्या रविवारी पाद्रीबुवा मथलाने घरी आले. जाडजूड, हसतमुख माणूस, मंडळींच्या सुखदुःखाला धावणारा. पण सुनावण्या सुरू झाल्यापासून ते जरा जास्तच हसतमुख झाले होते असं झिबुसेला वाटायचं.

“नोंडाबा,” त्यांनी झिबुसेला कुळाच्या नावानं हाक मारली, “मी स्ट्रेडमशी बोललो. तो स्वतः यायला तयार आहे. तुम्हाला जागा दाखवील. तुमचा विधी करा, तो बाजूला उभा राहील.”

“का?”

“का म्हणजे?”

“तो का यायला तयार आहे?”

“अहो, पश्चात्ताप झालाय माणसाला.”

“वकिलानं सांगितलं असेल. निकाल लागायचाय अजून.”

पाद्रीबुवांनी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाले, “वकिलानंही सांगितलं असेल. पण म्हणून पश्चात्ताप खोटा होत नाही. नोंडाबा, सगळा देश पाहतोय आपल्याकडं. आपण एकमेकांना माफ केलं नाही तर हा देश कसा उभा राहील?”

“देश पाहतोय?”

“पाहतोय.”

“मग देशाला म्हणावं घटकाभर तिकडं तोंड कर. माझी बायको आहे, नीट बोलू दे मला तिच्याशी.”

स्वयंपाकघरातून नोक्वांडाचं हसणं ऐकू आलं. पाद्रीबुवाही हसले, पण निघताना दारात थांबून म्हणाले, “एक वर्तमानपत्रवाला येईल फोटो काढायला. त्याला नाही म्हणू नका.”

झिबुसेनं नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही.

शनिवारी सकाळी त्यानं घरामागच्या टेकडीवरून बोराटीची फांदी तोडली. हातभर लांब, दाट पानांची. बोराटीला काटे जोडीनं असतात, एक सरळ पुढं गेलेला, एक मागं वळलेला. त्यानं ती वर्तमानपत्रात गुंडाळली नाही, पिशवीत घातली नाही. तशीच हातात धरून तो रस्त्यावर उभा राहिला. शेजारणीनं दुरूनच पाहिलं आणि डोक्यावरचा रुमाल सारखा केला. “माखोझाला आणायला चाललात?” तिनं विचारलं. डुडु खोझांची लेक, म्हणून गल्ली तिला माखोझाच म्हणायची.

“बघू,” झिबुसे म्हणाला.

चर्चची व्हॅन आली. पाद्रीबुवा स्वतः चालवत होते आणि शेजारी कोबस स्ट्रेडम बसला होता. टेबलाशी बसलेला सूटमधला माणूस हाच का, असं झिबुसेला क्षणभर वाटलं. आता खाकी अर्धी चड्डी आणि चौकटीचा शर्ट होता, उन्हानं भाजलेली लाल मान. तो खाली उतरला आणि दोन्ही हात जोडीनं पुढं करून, त्यांच्यात मोठ्या माणसाला भेटतात तसा, स्वच्छ झुलूत म्हणाला, “बाबा, नमस्कार. घरी सगळे बरे आहेत ना?”

झिबुसे बघतच राहिला. असली झुलू पाद्रीबुवांनाही यायची नाही.

“तू झुलू बोलतोस.”

“शेतावर वाढलो, बाबा. आईपेक्षा झुलू आयेकडं जास्त असायचो. आधी झुलूच आली.”

“मग तिथं आफ्रिकान्समध्ये का बोललास?”

स्ट्रेडमनं पाद्रीबुवांकडं पाहिलं. “वकील म्हणाला.”

त्यानं मग एक डबा पुढं केला. बायकोनं घरी भाजलेले टोस्ट होते, वाटेत खायला. नोक्वांडानं घेतला, कारण बापानं हात पुढं केला नाही. झिबुसेच्या हातात फांदी होती हे खरंच होतं. पण त्याच्या मनात दुसरंच आलं होतं. याची बायको भाजते अजून, असं त्याच्या मनात आलं होतं.

नदी तासाभराच्या वाटेवर होती. पाद्रीबुवांनी पावसाचं काढलं, स्ट्रेडमनं गुरांच्या भावाचं काढलं. झिबुसे मागच्या बाकावर बसून त्याच्या मानेकडं बघत राहिला. वाटेत डाव्या हाताला निलगिरीच्या झाडांची लांब रांग लागली आणि आत जाणारा एक कच्चा रस्ता. तिथं स्ट्रेडम बोलता बोलता थांबला आणि खाली वाकला. “बुटाची नाडी सुटली,” तो म्हणाला. झाडं मागं पडली तसा तो सरळ बसला आणि गुरांचा भाव पुन्हा सुरू झाला.

पुलाजवळ फोटोवाला आपल्या गाडीला टेकून उभा होता. खाली उतरायला चांगली पायवाट होती, लोक मासे पकडायला जायचे. फारच सोयीची जागा, झिबुसेला वाटलं. गाडी उभी करायला सोयीची, फोटो काढायला सोयीची.

“कुठं?” त्यानं विचारलं.

स्ट्रेडमनं इकडंतिकडं पाहिलं. “तो सपाट दगड आहे ना, त्याच्या डाव्या अंगाला.”

“थोडं अलीकडं घेता येईल का?” फोटोवाला म्हणाला. “तिथं पुलाची सावली पडतेय, चेहरे काळे येतील.”

“आमचे चेहरे काळेच येतात,” नोक्वांडा म्हणाली.

“हो, इथंही चालेल,” स्ट्रेडम म्हणाला आणि दोन पावलं उजवीकडं सरकला.

झिबुसेनं ते ऐकलं. चालेल. बायको कुठं मेली ते दाखवायला आलेला माणूस म्हणतो, इथंही चालेल. त्यानं मान खाली घातली. समोर स्ट्रेडमचे बूट होते, कातडी, घोट्यापर्यंतचे, वरून पाय घालायचे. त्या बुटांत काहीतरी खटकलं त्याला, पण काय ते त्या वेळी लक्षात आलं नाही. त्याचं सगळं मन त्या ‘चालेल’पाशी अडकलं होतं.

“बाबा,” नोक्वांडा हळूच म्हणाली, “परत जायचं का?”

“कुठं जाऊ? दुसरी जागा कुणी सांगितलीय?”

त्यानं टोपी काढली. फांदीचं टोक मातीला टेकवलं. नियमाप्रमाणं मेलेल्याला खरं तेवढंच सांगायचं असतं, म्हणून त्यानं खरं सांगितलं.

“डुडुझिले. खोझांची लेक, झोंडींची सून. मी आलोय, झिबुसे. नोक्वांडा माझ्यासोबत आहे. पाद्री मथलाने आहेत. तुला मारणारा माणूसही आहे. तो म्हणतो तू इथं पडलीस. मला ठाऊक नाही. दहा वर्षं मला काही कळलं नाही, म्हणून मी आलो नाही, राग धरू नकोस. पोरीचं लग्न आहे. तू इथं असशील तर या फांदीवर ये. घरी चल.”

पाद्रीबुवा खाकरले. ‘मला ठाऊक नाही’ हे त्यांना आवडलं नसावं. फोटोवाला पुढं झाला. “दोघांनी हात मिळवले तर...”

स्ट्रेडमनं हात पुढं केला. झिबुसेनं फांदी दोन्ही हातांनी उचलली आणि वळून चालू लागला. आता बोलणं बंद. फांदी घेतलेल्या माणसानं मागं वळून पाहायचं नसतं आणि घराच्या उंबऱ्यापर्यंत कुणाशी बोलायचं नसतं. फक्त जिला नेतोय तिच्याशी बोलायचं, वाट सांगत राहायची, म्हणजे ती चुकत नाही. जिवंत माणसाशी एक शब्द जरी बोललास तरी ती तिथंच उतरून जाते आणि हातात नुसतं लाकूड राहतं. हे स्ट्रेडमला ठाऊक होतं, तो शेतावर वाढलेला होता. त्यानं पुढं केलेला हात मागं घेतला आणि फोटोवाल्याला म्हणाला, “नाही बोलणार ते आता. राहू द्या.”

व्हॅनमध्ये मधल्या बाकावरची खिडकीची जागा डुडुसाठी ठेवली होती, वर तिचं जुनं तपकिरी ब्लँकेट अंथरून. झिबुसे तिच्या शेजारी बसला. नोक्वांडा मागं. पुढं पाद्रीबुवा आणि स्ट्रेडम.

“डुडु, गाडीत बसलो,” झिबुसे म्हणाला. “तू खिडकीशी आहेस. आता पूल ओलांडतोय. हा रस्ता रुंद केलाय, तुझ्या वेळी नव्हता. टेकडी चढतोय. ब्लँकेट तुझंच आहे, कसर लागलीय थोडी.”

बोलता बोलता तो कान देऊन ऐकत होता. आणायला गेलेल्या माणसाला कळतं असं म्हणतात. फांदी जड होते. त्याचा बाप खाणीत मेला तेव्हा चुलत्यानं त्याला तिकडून आणलं होतं, आणि चुलता म्हणायचा, आगगाडीत माझा खांदा दुखायला लागला एवढं त्याचं वजन होतं. झिबुसेच्या हातातली फांदी पानाएवढी हलकी होती.

पुढं पाद्रीबुवा हलक्या आवाजात म्हणत होते, “चांगलं झालं. फार चांगलं झालं.” स्ट्रेडम डावीकडच्या मक्याकडं बघत म्हणाला, “यंदा मका उशिरा...” आणि थांबला.

झिबुसेनं वर पाहिलं. उजव्या हाताला निलगिरीची रांग सुरू झाली होती. स्ट्रेडमनं मान डावीकडं वळवून काचेला जवळजवळ नाक लावलं होतं. त्याचा हात दाराच्या कडीवर आवळला होता. ऊन डावीकडूनच येत होतं, सरळ डोळ्यांत. माणूस उन्हाकडं तोंड करून कशाला बसेल?

आणि मग झिबुसेला बूट आठवले.

तो बोलू शकत नव्हता. पाद्रीबुवांना थांबा म्हणू शकत नव्हता, पोरीला खूण करायला हात मोकळा नव्हता. पण एका माणसाशी बोलायला त्याला मोकळीक होती.

“डुडु,” तो मोठ्यानं म्हणाला, “उजवीकडं निलगिरीची झाडं आहेत. मध्ये एक कच्चा रस्ता आत जातो. हा पुढं बसलेला माणूस इथं आला की तोंड फिरवतो. सकाळी इथंच तो बुटाची नाडी बांधायला वाकला होता. त्याच्या बुटांना नाडी नाही, डुडु. मी बघितलेत.”

पाद्रीबुवांचा पाय आपोआप ढिला झाला आणि गाडीचा वेग उतरला.

“गाडी थांबवू नका,” स्ट्रेडम म्हणाला.

थांबवा असं कुणी म्हटलंच नव्हतं.

“थांबवा,” नोक्वांडा मागून म्हणाली. “पाद्रीबुवा, थांबवा गाडी. नाहीतर मी चालत्या गाडीतून उडी मारीन, आईची शपथ.”

व्हॅन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी एक पांढरी पाटी होती. आत, झाडांच्या टोकाला, लाल पत्र्याचं जुनं लांबलचक दूधघर दिसत होतं.

“डुडु,” झिबुसे म्हणाला, आणि त्याचा आवाज आता तितका ठाम नव्हता, “मी याच्याशी बोलू शकत नाही. पण यानं तुझ्याशी बोलायला काही बंदी नाही. ही तुझी जागा, खिडकीशी. त्याला सांगायचं असेल तर तुला सांगेल. नसेल तर गाडी पुढं जाईल आणि मी ही फांदी घरी नेईन, मग तिच्यावर कुणी असो वा नसो.”

“नोंडाबा, हे बरोबर नाही,” पाद्रीबुवा म्हणाले. “माणसाला असं कोंडीत...”

“गप्प बसा हो,” नोक्वांडा म्हणाली.

स्ट्रेडमनं दाराच्या कडीवरचा हात काढला. मग तो मागं वळला. झिबुसेकडं त्यानं पाहिलं नाही, ब्लँकेटकडं पाहिलं. आणि झुलूत म्हणाला, “माखोझा.”

मग त्यानं पुन्हा हाक मारली.

“माखोझा, तुम्ही सारख्या तेच म्हणत होतात. एकदा घरी जाऊ द्या. स्टोव्हवर घेवडा आहे, पोरगी शाळेतून येईल, घर पेटेल. भांडं उतरवते आणि परत येते, तुम्ही सोबत माणूस द्या. मी म्हणायचो, आधी संप चालवणाऱ्यांची नावं सांगा, मग जा. तुम्ही नाव सांगितलं नाही. घेवड्याचंच म्हणत राहिलात. माझ्या वरचा माणूस हसायचा त्याला.”

नोक्वांडाच्या तोंडून एक आवाज निघाला, शब्द नव्हता तो.

घेवड्याचं पातेलं जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. झिबुसेचे दोन्ही हात फांदीवर आवळले, काटे तळव्यात गेले. दहा वर्षं ज्या बाईचा आवाज त्याला ऐकू आला नव्हता ती ह्या परक्या माणसाच्या तोंडून बोलत होती, आणि तिचं बोलणं अगदी तिचंच होतं. सोबत माणूस द्या. पोलिसांशीही ती तसाच सौदा करत बसली होती. तिचं आणखी काही ऐकायला मिळावं एवढंच त्या क्षणी त्याला हवं होतं, बाकी सगळं तो विसरला.

“किती वेळ?” तो स्ट्रेडमला म्हणाला. “किती वेळ म्हणत होती ती?”

“दुसऱ्या दिवसापर्यंत, बाबा. मग आवाज बसला.”

“कुठं?”

“तिथं. दूध थंड करायची खोली होती मागं, तेव्हा आम्हा पोलिसांच्या ताब्यात. तिथंच गेल्या. पळाल्या नाहीत. गोळी नव्हती. नदीत नंतर सोडलं, ते मात्र खरं आहे.”

“बाबा,” नोक्वांडा म्हणाली. “बाबा, तुम्ही बोललात.”

झिबुसेनं फांदीकडं पाहिलं. मग खिडकीशेजारच्या ब्लँकेटकडं. मग त्यानं तोंडावर हात ठेवला, पण आता त्याचा उपयोग नव्हता.

“नदीवरून ती आलीच नव्हती,” नोक्वांडा घाईनं म्हणाली. “मग काही बिघडलं नाही. ती इथंच आहे. आपण आत जाऊ, इथून हाक मारू.”

“या फांदीनं नाही. ही आता लाकूड झाली.”

तरीही ते आत गेले, जागा पाहून ठेवायला. झिबुसे, नोक्वांडा आणि पाद्रीबुवा. स्ट्रेडम व्हॅनमधून उतरला नाही. दूधघराच्या भिंती नव्यानं पांढऱ्या रंगवलेल्या होत्या आणि समोरच्या हिरवळीवर खुर्च्यांच्या रांगा मांडल्या होत्या, प्रत्येक खुर्चीला रिबिनीची गाठ. एक गोरी बाई हातात फुलांचा गुच्छ घेऊन लगबगीनं बाहेर आली. तिचं बोलणं गोड होतं.

“तुम्ही वाद्यवाले का? मागच्या दारानं या.”

“आम्ही वाद्यवाले नाही,” पाद्रीबुवा इंग्रजीत म्हणाले. “मागची जुनी खोली, दुधाची. ती बघायची होती.”

“तिथं आता नवरीची तयारीची खोली आहे. दुपारी लग्न आहे आज. बुकिंगसाठी आला असाल तर फोन करून या, म्हणजे मला दाखवता येईल. कुणाचं लग्न?”

“माझं,” नोक्वांडा म्हणाली.

“अरे वा!” बाई म्हणाली. “अभिनंदन.”

पाद्रीबुवांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. काय काय सांगितलं ते झिबुसेला कळलं नाही, पण बाईचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी तिला वाईट वाटलं, मग ती घाबरली, मग शहाणी झाली. तिनं ही जागा चार वर्षांपूर्वी घेतली, ती म्हणाली. असलं काही कागदोपत्री नाही. आयोगानं तसं लेखी दिलं तर ती वकिलाला विचारून बघेल. पाहुणे यायला लागले होते. गाड्यांचे दरवाजे वाजत होते.

रस्त्यावर परत आले तेव्हा स्ट्रेडम व्हॅनबाहेर उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“हे आयोगाला सांगशील?” झिबुसेनं विचारलं.

“बाबा, तसं केलं तर माझी माफी गेली. आधी खोटं सांगितलं म्हणतील. आणि तिथं नुसता मीच नव्हतो. वरच्या माणसाला नातवंडं झालीत आता.”

“मला नातवंडं व्हायचीत.”

“मी ते त्यांना सांगितलं,” स्ट्रेडम म्हणाला आणि खिडकीतल्या ब्लँकेटकडं बोट केलं. “तुम्हाला नाही, आयोगालाही नाही. मला विचार करू द्या.”

“मी ऐकलंय,” पाद्रीबुवा म्हणाले. आज पहिल्यांदाच ते हसत नव्हते. “मी सांगेन.”

“पाद्रीबुवा, तुमचं काय, उद्या कुणी म्हणालं की देश पाहतोय, तर तुम्ही पुन्हा फोटोवाला आणाल,” नोक्वांडा म्हणाली.

स्ट्रेडम झिबुसेजवळ आला. त्यानं हात पुढं केला नाही, बाहीनं डोळे पुसले. “बाबा, तुम्ही मला माफ कराल का?”

झिबुसेनं त्याच्याकडं नीट पाहिलं. हा रडतोय तो कशासाठी, डुडुसाठी की माफी जाईल म्हणून, हे त्याला सांगता येईना. दोन्ही असेल. उद्या वकिलाशी बोलून आला की हा म्हणेल, मी असं काही बोललोच नाही. तेही होईल.

“ते मला विचारू नकोस,” तो म्हणाला. “जिच्याशी बोललास तिला विचार. ती घरी आली की ये, मी दार उघडीन.”

फांदी घरी नेता येत नव्हती आणि फेकूनही देववत नव्हती. त्यानं ती निलगिरीच्या पहिल्या बुंध्याशी, पाटीच्या मागं, मातीत खोचून ठेवली. नोक्वांडानं ब्लँकेटची घडी केली. व्हॅन निघाली. परतीच्या वाटेवर कुणी गुरांचा भाव काढला नाही. टोस्टचा डबा घरापर्यंत तसाच बंद राहिला आणि उतरताना नोक्वांडानं तो पुढच्या सीटवर ठेवून दिला.

मुलाकडच्यांना झिबुसेनं स्वतः जाऊन सांगितलं, अजून थोडं थांबा. मुलाच्या आईनं का असं विचारलं नाही, चहा दिला. आयोगाचा निकाल लागायचा आहे. पाद्रीबुवा म्हणतात त्यांनी लेखी कळवलं, पण झिबुसेनं तो कागद पाहिलेला नाही. स्ट्रेडम आयोगाकडं पुन्हा गेला का, हे कुणी सांगत नाही. दूधघराची बाई फोन उचलते, नाव ऐकते आणि म्हणते, या आठवड्यात लग्न आहे. टेकडीवरच्या बोराटीला नवी पानं फुटली आहेत. झिबुसे येताजाता एक फांदी हेरून ठेवतो.

डुडुला घरी आणायचं राहिलं आहे.